डावीकडची गाठ

जयवंताआक्कांच्या ब्लाऊजचं माप घेताना सायराबानूची बोटं डाव्या काखेजवळ थांबली. आत सुपारीएवढं काहीतरी टणक लागत होतं.

शेळगावात तिचं शिवणकाम एकोणीस वर्षं टिकलं ते हातातल्या कलेइतकंच तिच्या गप्प राहण्यावर. बायका तिच्यापुढं पदर बाजूला करून निर्धास्त उभ्या राहत. कुणाच्या पाठीवर वळ दिसला तरी सायराच्या तोंडून ते बाहेर पडत नसे. शिवाय तिचा नवरा गेल्यावर गावातलं पहिलं कापड तिच्याकडं टाकलं होतं ते आक्कांनीच. त्यांच्याशी छातीविषयी बोलायचं कसं? अशा गाठी कितीजणींना असतात, असं मनाला समजावत तिनं टेप गुंडाळली. दिवाळीची गर्दी होती. ब्लाऊज वेळेत शिवून दिला.

शिमग्याच्या तोंडावर आक्का तोच ब्लाऊज घेऊन आल्या. डावीकडं काचतो म्हणाल्या, जरा उसवून दे. सायरानं पुन्हा हात लावला. गाठ वाढली होती.

"आक्का, हितं गाठ हाय. दुखती का?"

"दुखत न्हाय. म्हणून तर ध्यान दिलं न्हाय."

आक्कांनी ते हसण्यावारी नेलं. त्यांची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. आता त्या जागेला काय व्हायचं राहिलंय, असं त्यांचं म्हणणं. पण या वेळी सायरा गप्प बसली नाही. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन तिनं त्यांच्या सुनेला, अंगणवाडीत शिकवणाऱ्या माधवीला, सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी सासू-सुना बारामतीच्या दवाखान्यात गेल्या.

कॅन्सर निघाला. तो काखेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. डावा स्तन काढावा लागला.

पंधरा दिवसांनी सायरा भेटायला गेली. आक्का कॉटवर बसल्या होत्या, अंगावर शाल घट्ट ओढून. डॉक्टरांनी सांगितलेलं त्या आपल्या भाषेत सांगत होत्या. पाळी थांबली की अंगातलं इस्ट्रोजेन सरतं असं आपल्याला वाटतं; पण ते चरबीत तयार होत राहतं, छातीतही होतं. रक्तात थोडंच सापडतं, तिथं मात्र जास्त असतं, आणि अशी गाठ त्याच्यावरच पोसते.

"पाटाचं पाणी बंद झालं तरी रानात ओल राहती बघ," आक्का म्हणाल्या, "तसंच म्हणं." आधी सलाईनमधून औषधं, मग किरणं आणि ती ओल तोडायला पाच वर्षं रोज एक गोळी.

सायराला राहवलं नाही.

"आक्का, दिवाळीतच माझ्या हाताला लागली हुती ती."

आक्कांनी तिच्याकडं पाहिलं. "मग बोलली न्हाईस?"

"लाज वाटली. तुमाला काय वाटंल, असं झालं."

"डॉक्टरनं इचारलं, कवापास्नं हाय. मी म्हणलं, आठ दिस झालं."

माधवीनं चहा आणला. आक्कांनी कपाला हात लावला नाही. त्या भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या. सायरा चपला घालून निघाली, तेव्हा कुणी तिला बस म्हणालं नाही.

पुढचे चार दिवस तिनं मशीनला पाय लावला नाही. पाचव्या दिवशी माधवी दारात आली. मंगळवारी पहिलं सलाईन होतं आणि तिला रजा मिळत नव्हती. "आत्याबाई म्हणाल्या, सायराला इचार."

मंगळवारी दोघी एसटीत शेजारी बसल्या. अर्धी वाट सरली. मग खिडकीबाहेरच बघत आक्कांनी विचारलं,

"तुझी पाळी चालू हाय का गं अजून?"

"दोन-तीन महिन्यांनी येती कवातरी."

"तू कवा डॉक्टरला दावून घेतलंस का?"

सायरानं मान हलवली. नाही.

दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीपाशी बसलेल्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं. सायरा फाईल पुढं करणार, तोच आक्कांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"दोघी हाय आमी," त्या म्हणाल्या. "आदी हिचं लिव्ह."