लिंबांच्या माळेची तार

क्रिस्पिन दगडावर कोयता घासायला बसला, तेव्हाच त्याच्या बायकोने, एदुविहेसने, ओळखलं की आज तिसोन कुत्र्याची धडगत नाही. सकाळी नातीने लाडाने कुत्र्याच्या गळ्याला मिठी मारली आणि त्याने तिचा गाल फाडला. आई पोरीला घेऊन दवाखान्यात धावली. क्रिस्पिनने तिसोनला डुकरांच्या रिकाम्या खुराड्यात कोंडून दांडा मोडेपर्यंत हाणला होता. कुत्र्याचा एक डोळा मिटला होता, तोंडातून रक्त गळत होतं.

"पिसाळलाय तो. बाजूला हो, म्हातारे."

"पिसाळलेला कुत्रा माझ्या हातून मक्याची भाकरी खाईल? कालच खाल्ली. जमिनीवर टाकली, तर मात्र मान खाली घालेना."

"माजलाय. मलाही चावला होता."

"मानगूट धरलंस तेव्हा."

बोलता बोलता तीच थबकली. पोरीनेही गळाच धरला होता.

क्रिस्पिन कोयता घेऊन उठला. त्याच्याआधी ती खुराड्यात शिरली. डाव्या हाताला शाल गुंडाळून तिने तो तिसोनपुढे धरला. त्याने कडकडून चावा घेतला, दात शालीतून आरपार गेले. एदुविहेसच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तिने उजवा हात त्याच्या मानेच्या केसांत खुपसला. बोटांना पू लागला, आणि मांसात रुतलेली तार.

"म्हाताऱ्या, बघ. लिंबांची माळ."

तिसोन पिल्लू होता तेव्हा, ईस्टरआधीच्या उपासाच्या महिन्यात गावातली कुत्री नाकातोंडातून शेंबूड गळून पटापट मेली होती. रोग लागू नये म्हणून सगळ्यांनी आपापल्या पिल्लांच्या गळ्यात लिंबांच्या माळा घातल्या, दोऱ्यात ओवलेल्या. क्रिस्पिनचा तिसोनवर भारी जीव, त्याने तारेत ओवली. दोरा तुटतो म्हणे. तिसोन जगला. लिंबं वाळून गळून पडली, तार केसांत दडली, आणि पिल्लू वाढत गेलं.

क्रिस्पिनने वाकून पाहिलं. तारेला पीळ त्याच्याच हातचा होता, चांगला दुहेरी. त्याने कोयता टाकला आणि पक्कड आणली.

पकडीचं टोक जखमेत गेलं, तसं तिसोनने एदुविहेसचा हात सोडून क्रिस्पिनचं मनगट धरलं. हाडापर्यंत.

"ओढ ना हात," ती ओरडली.

"चावू दे त्याला," क्रिस्पिन म्हणाला. त्याने दुसऱ्या हाताने पक्कड दाबली.

तार तुटली. दात काही लगेच सुटले नाहीत. ते सुटेपर्यंत म्हातारा तसाच गुडघ्यांवर बसून राहिला, मनगट तिसोनच्या तोंडात ठेवून.