अग्नेसच्या हातचं पाणी

"जात्याच्या पालीवं चांदनं सांडलं गो,
मरियामायच्या बालाला दूद मी मांडलं गो..."

अग्नेसच्या आयचा आवाज. आयला जाऊन किती पावसाळे उलटले, पण प्लेगच्या छावणीतल्या कुडाच्या झोपडीत, तापात पडल्या पडल्या तो तिला स्पष्ट ऐकू आला. डोळे उघडले तर गाणारी दुसरीच होती. शेजारच्या फळीवरची सखुबाई, कळव्याच्या मिठागरातली आगरीण म्हातारी. चाल तीच, प्रत्येक वळणासकट. फक्त हिच्या गाण्यात दूध कान्ह्यासाठी मांडलेलं होतं.

अग्नेसला वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही.

ठाण्यात आधी नवरा गेला, मागोमाग लेक. सरकारी माणसांनी घराला चुना फासला, तेव्हाही ती नुसती बघत उभी राहिली होती. मग बहिणीकडे जायला आगगाडीत बसली. कल्याणच्या फलाटावर डॉक्टरांनी उतारूंची नाडी पाहिली, तिचं अंग कढत लागलं, आणि तिला खाडीकाठच्या छावणीत आणलं. इथं ज्या त्या धर्माची झोपडी वेगळी. कारकून घाटावरचा. नाव न विचारताच, नुसतं लुगडं आणि मोकळं कपाळ पाहून म्हणाला, "हिंदू, विधवा," आणि बोट दाखवलं. ती त्या बोटाच्या दिशेनं चालू लागली. विधवा तर ती होतीच. उरलेलं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

क्रिस्तांवांची झोपडी समोरच होती. तीत गोव्याकडचे खानसामे आणि त्यांची बायकामुलं. संध्याकाळी त्यांची प्रार्थना सुरू झाली की इकडे अग्नेसचे ओठ आपोआप हलत. प्रार्थना संपून बोलणं सुरू झालं, की त्यातलं तिला धड काही उमगत नसे. या झोपडीतल्या बायकाही घाटावरच्या, रेल्वेच्या खडीवर राबणाऱ्या. तिच्या आयसारखं बोलणारी एकटी सखुबाईच.

सखुबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कानही जड. पण जीभ शाबूत. काळुरामनं पेज वाढली की वाडग्यात बोट फिरवून ती त्याला धरायचीच.

"काय रं काळुराम, यो तांदूल पवायला सोरलास क? एकलाच फिरतं गो बिचारा. जोरीला दुसरा नाय भेटला?"

"म्हातारे, गुमान पी. सरकारी पेज हाय."

"मंग सरकारलाच पाज!"

बायका हसत. अग्नेसला हसण्याचं कारण कळे, हसू मात्र येत नसे.

पहिल्याच दिवशी सखुबाईनं विचारलं होतं, "तू कंची गो बाय?"

"ठान्याची. चेंदनीच्या बाजूची."

"मंग आपलीच की!" आपली बोली ऐकून म्हातारी इतकी सुखावली, की अग्नेस पुढचं बोललीच नाही. तेव्हापासून सखुबाई पाणी प्यायची ते फक्त अग्नेसच्या हातचं. दुसऱ्या कुणी लोटा पुढे केला तर तोंड फिरवायची. "त्यांची जात मना कं ठावं?" अग्नेसचा ताप उतरला तरी डॉक्टर सोडेना, तेव्हा तिला तेवढंच एक काम उरलं. लोटा भरायचा, म्हातारीच्या मानेखाली हात घालायचा, पाजायचं. सांगितलं तर हेही जाणार होतं. कारकून तिला समोरच्या झोपडीत धाडणार, आणि म्हातारी इथं तहानेली पडून राहणार.

मग सखुबाईच्या काखेत गाठ आली. दोन दिवसांत गाणं थांबलं, टोमणे थांबले. भर दुपारी, काळुराम पेज घेऊन आला असताना, तिनं चाचपडत पदराची गाठ सोडली. आत सुकलेलं तुळशीचं पान होतं.

"बाय गो," ती म्हणाली, "यो पान आनि पानी तू घाल माज्या तोंरात. पोरं पलाली. पन आपल्या जातीचा मानूस जवल हाय, आता भ्या नाय."

अग्नेसनं पान घेतलं. लोटा उचलला. रोजचाच लोटा, मानेखाली रोजचाच हात. म्हातारीनं तोंड उघडलं, आणि अग्नेसचा हात तिथंच थांबला. तहानेचं पाणी पाजताना तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण हे पिऊन म्हातारी पुढच्या वाटेला लागणार होती, आणि हे पाणी कुणाच्या हातचं, ते पारखून घ्यायला तिला सवड मिळायची नव्हती.

"घाल ना गो."

हळू बोलून सखुबाईला ऐकू जाणार नव्हतं. दारात काळुराम पेजेचं पातेलं घेऊन उभा होता, फळ्याफळ्यांवर बायका होत्या. अग्नेसनं लोटा खाली ठेवला आणि झोपडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती बोलली. इतक्या दिवसांत स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना.

"सखुमावशे, मी तुज्या जातीची नाय. मी क्रिस्तांव हाय. माजा नाव अग्नेस. इतके दिस तू प्यायलीस, तो पानी माज्याच हातचा. यो घोट घालू क नको, ता तू सांग."