बापाचं नाव

पिंप्राळ्याच्या चर्चमध्ये रविवारची उपासना संपली, तरी एकही माणूस उठला नाही. ज्या बाकांवर मंडळी बसली होती, ती बाकं घडवणाऱ्या खाजा सुताराला बायकोपोरांसकट बांगलादेशी ठरवून सीमेपार धाडायचं चाललं होतं. उद्या धुळ्याला शेवटची सुनावणी होती.

"जन्मदाखल्यावर बाप रमीज, बाकी कागदांवर हसनैन. म्हणून दाखलाच बनावट म्हणतात," पास्टर अमृत म्हणाले. "प्रभू, ज्याने ही चूक केली, त्याला क्षमा कर."

"आमेन!" सगळे म्हणाले. तानुबाईची जीभ मात्र टाळ्याला चिकटली.

चाळीस वर्षांपूर्वी ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. खाजा तिच्याच हातावर जन्मला. नोंद करताना तिनं बाळंतीण आबेदाला नवऱ्याचं नाव विचारलं, तर ती पदरात तोंड लपवून गप्प. नवऱ्याचं नाव घेणार कसं? तानुबाई आधीच तापट. "तुझ्या लाजेपायी मी दिवसभर इथंच बसू का?" असं म्हणत तिनं दाराशी उभ्या माणसाला त्याचं नाव विचारलं आणि तेच बापाच्या रकान्यात लिहून टाकलं.

आणि तो रमीज तर आबेदाचा भाऊ निघाला!

पास्टरांनी पुन्हा हात उंचावले. "प्रभू, खरं काय ते तुलाच ठाऊक. तूच साक्षीला ये..."

"त्याला कशाला बोलावताय?" तानुबाई ताडकन उठली. "ते अक्षर माझं आहे. धुळ्याची पहिली एसटी किती वाजता, तेवढं सांगा!"