सुनिल्दाचे गोडे पाणी

मित्रांनो, जरा खाली बघा. तिकडे नाही, त्या काळ्या दगडाच्या आडोशाला. पाऊल जपून टाका, कारण माझ्यावर पाय पडला तर तुमचा दिवस खराब जातो आणि माझे सगळे वर्ष. दिसला का तो राखाडी हिरवा, मुठीएवढा गोळा? तो मी. तोतोरा गावाच्या कड्यावरचा एक म्हातारा निवडुंग. खाली समुद्र, वर धुके, आणि मध्ये मी इतकी वर्षे डुलक्या घेत बसलो आहे की माझ्या आठवणी कोणत्या आणि स्वप्ने कोणती, हे कधी कधी मलाच सांगता येत नाही. तरी जे सांगतो ते खरे धरून ऐका.

मी वाऱ्यावर बसून या जागी आलो. आमच्या जातीचे फळ लालसर आणि आतून पोकळ असते, लहानशा फुग्यासारखे. पिकले की ते बुडाशी सुटते, तिथे भोक पडते आणि वारा त्याला कड्यावरून घरंगळत नेतो. जाता जाता बिया सांडत जातात. मीही असाच सांडलो. खसखशीएवढी माझी बी या दगडाच्या भेगेत पडली. माझी भावंडे कुठे गेली कोण जाणे, बरीचशी समुद्रातच गेली असतील. दगडाने मला सावली दिली म्हणून मी जगलो. तेव्हापासून आम्ही शेजारी आहोत, पण तो अजून एक शब्द बोललेला नाही.

माझे काटे बघून लोक मला तिरसट म्हणतात. खरे तर काटे म्हणजे माझी पानेच आहेत. रुंद, हिरवीगार पाने मिरवली असती तर इथल्या वाऱ्याने मला चार दिवसांत वाळवले असते. नवे काटे मधाच्या रंगाचे असतात, जुने होता होता राखाडी पडतात. या काट्यांवर धुके येऊन बसते, त्याचा थेंब होतो आणि तो माझ्या अंगावरच्या पन्हळीतून ओघळत मुळाशी जातो. तेवढे पाणी मला पुरते. पाऊस आमच्याकडे लांबच्या पाहुण्यासारखा, येतो म्हणतो आणि येत नाही. फारच कोरडे पडले तर मी आतल्या आत आक्रसतो, माझे जाड मूळ मला जमिनीत ओढून घेते आणि वर नुसते काटे आणि डोक्यावरची पांढरी लोकर उरते. दिवसा मी तोंड मिटून असतो. तुम्ही झोपलात की मग सावकाश श्वास घेतो. असे सगळे बेताचे, हळूहळू चालते. वाटाण्याएवढा होतो तेव्हापासून मुठीएवढा होईपर्यंत गावात किती लग्ने आणि किती बारशी झाली, ते मी मोजले नाही.

आन्सेल्मो मला भेटला तेव्हा मी लिंबाएवढा झालो होतो. तो गावातला कोळी. होडी पाण्यात लोटण्याआधी तो रोज पहाटे कड्यावर यायचा, माझ्या शेजारी उकिडवा बसायचा आणि धुके किती दूर आहे ते बघायचा. बरेचदा त्याची बायको सुनिल्दा चहाचा डबा आणि पाव घेऊन मागून यायची. आमची पहिली ओळख काही फार मानाची झाली नाही. त्याने मला बघितले आणि खो खो हसला.

"सुनिल्दा, ये ये, तुझी आई बघ इथे बसलीये!"

"माझी आई मेली तरी तिचा पिच्छा सोडू नकोस तू."

"अगं, कौतुक करतोय मी. जवळ गेलं की टोचते, पण काही झालं तरी जागा सोडत नाही. हुबेहूब!"

"तुझ्यासारखा जावई मिळाला म्हणून टोचायची ती," सुनिल्दा म्हणाली आणि त्याच्या हातातला पाव काढून घेतला.

त्या दिवसापासून मी सासूबाई झालो. मला ते मुळीच आवडले नव्हते. पण रोज पहाटे तो यायचा आणि विचारायचा, "काय सासूबाई, आज तरी हसणार का?" हसणे म्हणजे फुलणे. मी थंडीत फुलतो, कोळ्यांचा पाठीराखा संत पेद्रो, त्याच्या जत्रेच्या सुमारास. माझे फूल गडद गुलाबी, आतून फिकट पिवळे, आणि आतल्या पाकळ्या अर्धवट मिटलेल्या. चिमुकला गुंजनपक्षी हवेतच तरंगत त्यात लांब चोच घालतो. मी फुललो की आन्सेल्मो सगळ्या कोळ्यांना ओरडून सांगायचा, "सासूबाई हसल्या! आज जाळी भरणार!" जाळी कधी भरायची, कधी नाही. पण मला मात्र त्या हाकेची सवय लागली. खरे सांगायचे तर मी त्याच्यासाठीच फुलत होतो.

मग एका उन्हाळ्यात कामांचाका उतरली. समुद्रावरून चालून येणाऱ्या दाट धुक्याला आमच्याकडे हे नाव आहे. ती इतकी दाट होती की मला माझा दगडही दिसेना. खालून शिंगे फुंकल्याचे, नावे पुकारल्याचे आवाज येत होते. सगळ्या होड्या परतल्या. आन्सेल्मोची परतली नाही. पुढे लाटांनी तिची एक निळी फळी किनाऱ्यावर टाकली, बाकी काहीच दिले नाही. जे धुके मला पाजते त्याच धुक्यात तो हरवला. त्या दिवशी मी पोटभर पाणी प्यालो होतो. हे सांगताना मला अजूनही बरे वाटत नाही.

ज्याचा देह सापडत नाही त्याला आमच्या गावात कबर नसते. त्याच्यासाठी एक छोटी देवळी बांधतात, अनिमिता म्हणतात तिला. घरच्यांनी त्याला शेवटचे जिथे पाहिले, तिथे ती बांधायची. सुनिल्दाने आन्सेल्मोला शेवटचे पाहिले ते माझ्यापाशी. म्हणून सुनिल्दाने त्या निळ्या फळीची देवळी माझ्या शेजारीच उभी केली. तिच्या मैत्रिणीने, ओतिलियाने, दगड वाहून आणले. ओतिलिया किनाऱ्यावर शेवाळ गोळा करून वाळवायची. तिचे हात राकट होते आणि जीभ त्याहून राकट.

समुद्रात गेलेल्याचा घसा खारटच राहतो, असे गावात मानतात. त्यामुळे त्याच्या देवळीपुढे गोड्या पाण्याची बाटली ठेवायची. सुनिल्दानेही ठेवली. पण संध्याकाळी ती बाटली तशीच भरलेली दिसली की तिच्या जिवाची घालमेल व्हायची. कोणी प्यालेच नव्हते ना! एके दिवशी तिला राहवले नाही. तिने बाटली उचलली आणि माझ्या मुळाशी ओतली. कोरड्या मातीने ते पाणी घटकेत शोषून घेतले. सुनिल्दा गुडघ्यांवर बसली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"प्यायलास," ती म्हणाली. "प्यायलास रे बाबा!"

मग ती रोज येऊ लागली. गावात नळ नाहीत, पाणी टँकरने येते आणि ज्याच्या त्याच्या पिंपात मोजून पडते. सुनिल्दा स्वतःच्या वाटणीतले पाणी मला आणत होती. भांडी समुद्रावर धुवायची, चहा अर्धा कप करायची. तिचे ओठ फुटले होते. मी मात्र गरगरीत होत चाललो. मला फुगायला आवडले, हे कशाला लपवू? अंगावरच्या घड्या गेल्या, नवे काटे फुटले. ती माझ्याकडे बघायची आणि तिचा चेहरा उजळायचा. तिच्या लेखी मी आता सासूबाई उरलो नव्हतो. ती माझ्याशी बोलायची ती आन्सेल्मोशी बोलावे तशी.

पण मित्रांनो, धुक्याच्या थेंबावर वाढलेला जीव मी. एवढे पाणी मी ठेवू कुठे? माती सुकायला वेळच मिळेना. आधी माझी बारीक मुळे गुदमरली. मग डावी कूस तपकिरी पडली आणि मऊ झाली. माझी स्वप्ने जड आणि चिखलाची झाली. थंडी आली, पण एकही कळी धरली नाही. सुनिल्दाने ते बघितले आणि घाबरून गेली. "एवढं पाजते तरी तहान भागत नाही तुझी?" असे म्हणून ती दोन बाटल्या आणू लागली. मला ओरडून सांगावेसे वाटायचे, बाई, पुरे कर. पण आम्हाला तोंड आहे ते फक्त श्वास घेण्यापुरते.

संत पेद्रोच्या जत्रेचा दिवस आला. खाली होड्यांना पताका लावल्या होत्या, बँड वाजत होता. सगळा गाव किनाऱ्यावर होता आणि सुनिल्दा माझ्याजवळ. ओतिलिया धापा टाकत कडा चढून आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या भोपळ्याच्या गरम पुऱ्या होत्या.

"चल खाली. संताची मूर्ती घेऊन होडी निघाली. सगळे तुला विचारताहेत."

"याला पाजल्याशिवाय मी हलायची नाही."

"बघू तरी तुझ्या लाडक्याला," म्हणत ओतिलिया वाकली. तिने काट्यांतून अंगठा घालून माझी डावी कूस दाबली. "आई गं! मेल्यानं टोचलंच." तिने पुन्हा दाबले आणि अंगठ्याचा वास घेतला. 

"सुनिल्दा, हा सडलाय."

"काहीतरीच बोलू नकोस. तहानलाय तो."

"हात लावून बघ. माझा जन्म गेला शेवाळ वाळवण्यात. वरून छान आणि आतून गेलेली पेंढी मला अंगठ्याला कळते. याला पाणी कमी नाही पडलं, बाई. जास्त झालंय."

"मी पाणी थांबवलं तर तो काय पिणार?"

"तो कोण?"

 ओतिलियाचा आवाज खाली आला, पण शब्द काही मऊ झाले नाहीत.

"एकदा समुद्रानं बुडवलं. आता तू बुडवतेयस."

सुनिल्दाने पुऱ्यांचे गाठोडे उचलून कड्यावरून भिरकावले. "चालती हो! पुन्हा इथे पाऊल टाकशील तर बघ!"

"जाते. पण आरशात तोंड बघ स्वतःचं. वाळलेलं शेवाळ बरं दिसतं तुझ्यापेक्षा."

ओतिलिया उतरून गेली.  धुके चढत आले, बँडचा आवाज विरत गेला. मग सुनिल्दाने भीत भीत बोट पुढे करून माझी कूस दाबली. बोट आत रुतले. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. तरीही तिने बाटलीचे बूच उघडले. सवयच ती. बाटली माझ्यावर कलती केली, एक थेंब पडला. मला डोळे असते तर मी ते मिटले असते.

दुसरा थेंब पडला नाही. सुनिल्दाने बाटली स्वतःच्या तोंडाला लावली. आधी एक घोट घेतला, मग थांबताच येईना. गटागटा प्याली ती, हनुवटीवरून पाणी ओघळेपर्यंत प्याली. बाटली रिकामी झाली तेव्हा ती रडू लागली. आन्सेल्मो गेल्यापासून ती माझ्यासमोर कधी रडली नव्हती. आत पाणीच नव्हते, तर रडणार कशाने?

दुसऱ्या दिवशी ओतिलिया न बोलावता आली. पाठीवर शेवाळ वाळवायच्या जागेवरच्या कोरड्या खड्यांचे पोते होते. सुनिल्दा एका चमच्याने माझ्या मुळाशी साचलेला चिखल उकरत होती.

"अजून रागावलीस का?"

"हो."

"बरं. चमचा दे इकडे. खरवडतेस कसली, भात वाढल्यासारखी!"

दोघींनी मिळून चिखल काढला, सडलेला भाग खरवडला आणि भोवती कोरडे खडे भरले. मग वाट बघण्याशिवाय कोणाच्या हातात काही नव्हते. मी जगेन की नाही, हे मलाही ठाऊक नव्हते. सुनिल्दा रोज रिकाम्या हातांनी यायची आणि हात कुठे ठेवावेत हे न कळून मांडीखाली दाबून बसायची. तिच्यासाठी ते पाणी ओतण्यापेक्षा अवघड होते. मी आक्रसलो, मूळ मला खाली घेऊन गेले. मी फार खोल झोपलो. झोपेत कोणीतरी उकिडवे माझ्या शेजारी बसलेले असायचे आणि धुके किती दूर आहे ते बघत असायचे.

जाग आली ती पुढच्या थंडीत, डोक्यावरची लोकर गुदगुल्या करू लागली तेव्हा. डाव्या कुशीला कॉर्कसारखा टणक व्रण राहिला होता आणि मी एका बाजूला कललो होतो. पण लोकरीतून एक कळी वर आली होती. ती उमलली त्या सकाळी सुनिल्दा कड्यावर आली आणि जागच्या जागी उभी राहिली. मग कमरेवर हात ठेवून, अगदी आन्सेल्मोच्याच सुरात म्हणाली,

"काय सासूबाई, हसलात एकदाच्या!"

आणि खालच्या होड्यांकडे तोंड करून तिने हाक दिली, "सासूबाई हसल्या!" कितीतरी काळाने ती हाक कड्यावरून खाली गेली. कोळ्यांनी टोप्या काढून हलवल्या.

मित्रांनो, आता माझे थोडेसे मागणे. आम्हाला उपटून कुंडीत नेऊ नका, तुमच्या खिडकीत हे धुके येणार नाही. आमच्या भेगांमध्ये पाय देऊ नका, तिथे वाटाण्याएवढी पिल्ले असतात. आणि कोणावर माया करायची तर जरूर करा, पण बाटली कलती करण्याआधी बघा, तहान नेमकी कोणाला लागली आहे.

सुनिल्दा अजूनही येते. बाटली अजूनही आणते. ती देवळीपुढे ठेवते, गावातल्या गोष्टी सांगते, ओतिलियाच्या चुगल्या करते. उन्हे कलली की बाटली उचलते, सावकाश पिते आणि निळ्या फळीवर हात ठेवून म्हणते, "तुझ्या वाटणीचं मीच प्यायले हं."