दार लावून विचारलेले प्रश्न

माझ्या धाकट्याला जुळ्या मुली झाल्या त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीची नात मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. लहानपणापासून प्रश्नांनी भंडावून सोडायची, म्हणून आम्ही तिला वकीलबाई म्हणायचो. आम्ही इथले मूळनिवासी; आमच्या तब्येतीचा अभ्यास करायला आजवर परकेच आले. आता घरचीच पोर आली म्हणून वस्तीने हो म्हटलं. अट एकच: लिहिलेलं बाहेर जाण्याआधी आमच्यासमोर वाचायचं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत दार लावून तिने एकेकाला बसवलं. चाळीस जण झाले. महिन्याने ती कागद घेऊन आली. मला या वयात नुकतंच वाचता येऊ लागलं होतं, म्हणून वाचायचा मान मला मिळाला.

“झोप न लागणे: कोणीही नाही,” मी वाचलं.

सगळे हसले.

“मग पहाटे तीनला निम्म्या घरांत दिवे कोण लावतं? भुतं?” सुतार म्हणाला.

वकीलबाईचा चेहरा उतरला. “आजी, तूसुद्धा ‘नाही’च म्हणालीस!”

“दार लावलंस ना,” बहीण म्हणाली. “त्याच खोलीत, असंच दार लावून, तुझा आजोबा गेल्याचं मला सांगितलं. तिथेच आमचे अंगठे घेतले, कशावर ते देव जाणे. त्या खोलीत नाही म्हणावं आणि घरी यावं.”

“अगं, गुप्तता पाळावी लागते.”

“ज्यांना सगळं ठाऊक आहे त्यांच्यापासून?”

कागद पंधरा दिवसांत कॉलेजात द्यायचे होते. तसेच दिले तर ती पास, आणि वस्ती ठणठणीत असं छापून येणार. पुन्हा विचारायचं तर वर्ष वाया.

“तुझं वर्ष, तू बघ,” बहीण म्हणाली.

तिने तिथूनच सरांना फोन लावला. सर बरंच बोलले. ती “हो सर, कळतंय सर” करत राहिली, पण तिने त्यांचं ऐकलं नाही.

मग ती घरोघर जाऊन बसू लागली. ज्याला जो जवळचा वाटेल त्याला शेजारी बसवायची. माझ्या बहिणीने मला बोलावलं. आम्ही धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो.

“मी बरी आहे,” बहीण म्हणाली.

“कसली बरी? दोन वर्षं खुर्चीत बसून रात्र काढतेस.”

“तुझ्या जिभेला हाड नाही!” ती माझ्यावर चिडली, मग रडली, मग तासभर बोलली. पोरीने पेन खाली ठेवून ऐकलं.

पोरीचं वर्ष गेलं. पुढल्या वर्षी कॉलेजाने तो अभ्यास स्वीकारला, आणि आता ती हेच काम करते, वस्त्यावस्त्यांतून.

माझी बहीण नातीच्या निकालाच्या अकरा दिवस आधी, मंगळवारी दुपारी, झोपेत वारली.