मावशीच्या खोलीतल्या बायका

आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेल्या मावशीला आताशा सुईचं नेढंच काय, समोरच्याचं नाकही धड दिसेना. लख्ख दिसायच्या त्या फक्त कपाटापुढे येऊन उभ्या राहणाऱ्या बायका. पायघोळ झगे, हिरव्या टोप्या, आणि शिलाई अशी की टाका न् टाका मोजून घ्यावा. हात पुढे केला की बोटांना नुसती हवा लागे.

आपल्याला वेड लागलंय, हे मावशीने स्वतःच ठरवून टाकलं. भाचीला कळलं की आपली रवानगी कुठे होणार, तेही. मग तिने तोंडाला कुलूप लावलं. शेजारी जाणं सोडलं, न जाणो बोलण्याच्या भरात काही निसटायचं. जेवण दोन घास, झोप नावाला.

"मावशे, माझ्यावर रुसलीस का?"

"तुझ्यावर रुसायला वेळ कुणाला आहे गं?"

शेवटी भाचीने तिला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी डोळ्यांत उजेड टाकला, आतला पडदा झिजल्याचं सांगितलं आणि सहज विचारलं, "आजी, नसलेलं काही दिसतं का? माणसं, फुलं, नक्षी?"

भाची शेजारीच बसलेली. नाही म्हणावं, तर हे पुन्हा कुणी विचारणार नाही.

"बायका दिसतात," मावशी पुटपुटली.

"खऱ्या नाहीत, हे कळतं?"

"न कळायला काय झालं? इतकी सुबक शिलाई इथे येते कुणाला?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग डोकं शाबूत आहे तुमचं. डोळ्यांकडून कमी यायला लागलं की मेंदू गप्प बसत नाही, स्वतःच चित्रं रंगवतो. पुष्कळांना होतं, भीतीपोटी सांगत नाहीत. दिसल्या की दिवा लावा, नजर फिरवा. आणि कोंडून घेऊ नका. एकटं माणूस पाहून या जास्त माजतात."

मावशी रडली नाही. नाक मात्र बराच वेळ पुसत राहिली.

बाहेर येताच भाची कातावली. "मला सांगायला काय झालं होतं?"

"वेड्यांच्या इस्पितळात टाकलं असतंस."

"शहाणी होतीस तेव्हा तरी कुठे ऐकायचीस? तेव्हा नाही टाकलं, आता कुठे टाकणार!"

मावशीला खुदकन हसू फुटलं.

"आत्ता आहे का कुणी?" भाचीने हळूच विचारलं.

"एक आहे. तुझ्यामागे, पायरीवर. तिचा झगा बघ, नाहीतर तुझा."

"का, माझ्या झग्याला काय झालंय?"

मावशीने तिच्या खांद्यावरची शिवण बोटांनी चाचपली. "इथे टाका चुकलाय. घरी चल, उसवू. दोरा तू ओव, पुढचं मी सांगते."