खोटे दोन टप्पे

आमच्या भिंतीवर पंच नसतो. अग्निशमन केंद्राची मागची भिंत, तिच्यापुढे सिमेंटचं अंगण आणि अंगणात रंगाने आखलेल्या रेषा, एवढाच आमचा हँडबॉल. चेंडू तळहाताने भिंतीवर मारायचा, परत येताना त्याचा एकच टप्पा पडू द्यायचा आणि पुन्हा मारायचा. दुसरा टप्पा पडला की गुण गेला. तो पडला की नाही, हे ज्याने मारला त्यानेच सांगायचं. समोरच्याने विचारायचंसुद्धा नाही. लपवाछपवी करणारे एक-दोघे मध्यंतरी आले होते. त्यांना कोणी काही बोललं नाही, फक्त त्यांच्याशी खेळायला कोणी उठेना. मग आपसूकच यायचे बंद झाले.

या भिंतीवर माझ्या थोरल्या बहिणीचा दरारा होता. ताई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात काम करते. ओल्या चादरींचे पिळे उचलून उचलून तिचे हात असे झालेत की भाजीवालासुद्धा तिच्याशी घासाघीस करत नाही. उजव्या हाताने ती चेंडू भिंतीच्या अगदी पायथ्याशी मारायची. तो उसळायचाच नाही, नुसता घरंगळत यायचा. याला आम्ही चेंडू झोपवणं म्हणतो. पण धुलाईखात्यातच ती साबणाच्या पाण्यावरून घसरली आणि नेमकं तेच मनगट मोडलं. आत धातूची पट्टी बसवावी लागली.

हाडांच्या डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली, त्या रविवारी जिन्यातच ती मला म्हणाली, “आज काय तो निकाल लावायचा. हात चालला तर खेळणार, नाही तर कायमचं बंद. लोकांच्या पायात पायात करायला मला नाही आवडत.”

“अगं, पहिल्याच दिवशी कसला निकाल?”

“तू गप्प बस.”

गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही, पण तेव्हा बसले. ताई बोलते ते करते, हीच तर पंचाईत. आठवडाभर ती घरी चिडचिड करते आणि रविवारी भिंतीवरून माणूस होऊन परत येते. भिंत सुटली तर तिचं काय होईल, आणि आम्हा घरच्यांचं काय होईल, देव जाणे.

पहिला डाव दातवाल्या डॉक्टरांशी लागला. गृहस्थ इतका मऊ की भिंतीवर चेंडू मारतानाही ‘दुखणार नाही हं’ म्हणेल. ताईचा हात कचरत होता. चेंडू भलत्याच उंचावर जात होते आणि दर खेपेला मनगट धरून ती ओठ चावत होती. तेवढ्यात डॉक्टरांनी एक साधा चेंडू परतवला आणि लगेच हात वर केला.

“दोन टप्पे. माझा गेला.”

मी रेषेलगतच बसले होते. टप्पा एकच पडला होता. पुढच्या चेंडूला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. बाकावर आपल्या पाळीची वाट बघणाऱ्यांनीही ते पाहिलं होतं. ताई जिंकली तेव्हा टाळ्या मात्र सगळ्यांनी कडाडून वाजवल्या.

ताईने हातमोजा काढला आणि माझ्याजवळ आली. “चल घरी.”

“जिंकलीस की!”

“धुलाईखात्यात काम करते मी. मळकं काय आणि धुतलेलं काय, ते कळतं मला. मला जिंकवलंय.” तिचे डोळे भरून आले होते. “म्हणजे यांनी निकाल लावलासुद्धा.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “डॉक्टर,” मी ओरडले, “दाताला कीड लागलेल्या पेशंटला तुम्ही ‘वा, काय मोत्यासारखे दात’ म्हणता का?”

त्यांचा चेहरा पडला. “त्यांचं मन मोडू नये म्हणून…”

“हरलात तर हरलो म्हणायची रीत आहे इथे. न हरता हरलो म्हणायची नाही!”

बाकाच्या टोकाला बस चालवणारा ड्रायव्हर बसला होता. ताईचा जुना प्रतिस्पर्धी. प्रवाशांशीही तो कामापुरतंच बोलतो. तो उठला. “मी खेळतो. पण उजव्या हातावरच मारणार.”

ताईने हातमोजा पुन्हा चढवला. “मार.”

आणि मारलंन् मेल्याने! एकेक चेंडू नेमका उजवीकडे. ताई मागे पडत गेली, शिव्या देत गेली, पण धावत राहिली. डावा हात वापरायला लागली, मग हळूहळू उजवाही खाली यायला लागला. ड्रायव्हरला जिंकायला एकच गुण हवा असताना तिने वाकून उजव्या हाताने चेंडू पायथ्याशी घातला. पूर्वीइतका खाली नव्हता, पण खाली होता. ड्रायव्हरने चक्क पोटावर झेप घेतली. त्याची बोटं चेंडूला लागली, चेंडू कसाबसा भिंतीला शिवला आणि परत आला. ताईने गुण मिळाला असं समजून हात खाली सोडले होते.

सगळे ड्रायव्हरकडे बघू लागले. खरं सांगते, मघाशी एवढी भांडलेली मी, पण त्या क्षणी मलाही वाटलं, दोन म्हण रे बाबा.

“एकच टप्पा,” तो पडल्या पडल्या म्हणाला. “माझा गुण. जिंकलो.”

ताई त्याच्या धुळीने भरलेल्या शर्टाकडे बघत राहिली आणि मग एकदम खदखदून हसली. “लोळवला याला! बघितलंस का गं? उजव्या हाताने लोळवला!”

“या वयात,” ड्रायव्हर कोपर झटकत पुटपुटला. “बायको शर्ट बघून घरात घेणार नाही.”

आमच्यात जिंकेल तो भिंतीवर राहतो, पण ड्रायव्हर आपणहून बाजूला झाला. ताईने चेंडू उचलून डॉक्टरांच्या हातात दिला.

“चला डॉक्टर. मघाचा डाव धरायचा नाही. शून्यापासून.”

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. पहिलीच सर्व्हिस त्यांनी ताईच्या उजव्या हातावर मारली, चांगली सणसणीत. ताईचा चेंडू हुकला.

“आत्ता कसं!” ती म्हणाली, आणि चेंडूच्या मागे धावली.